महाविद्यालयाचे पहिले वर्ष आणि लेखनाची वही

आमच्या वार्षिकाच्या ह्या विभागात विद्याभ्यास, सदाचरण, आरोग्य, वेळेचा सदुपयोग इत्यादी विषयांवर प्रतिवर्षी लेख येत असतात, व ते यावेतच. यंदा आम्ही मात्र एका अशा विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो की, ज्याची गणना बहुतेक विद्यार्थी, आणि त्यांहूनही अधिक पालक, निरुपयोगी विषयांत करतात. पदवीच्या पहिल्या वर्षी महाविद्यालयात भाषेचा जो तास असतो व त्यात विद्यार्थ्याकडून जे लेखन करवून घेतात, तो हा विषय. आमचे मत असे की, खेड्यातून गेलेल्या मुलाच्या मनाची त्या एका वर्षात जी खरी वाढ होते, तिच्या मोठ्या भागाचे श्रेय ह्या दुर्लक्षित तासास द्यावे लागेल. परंतु ती वाढ व्हावयाची, तर तो तास मुलाने झोपेत काढता कामा नये, आणि येथे शाळेत असतानाच त्याची काही पूर्वतयारी झालेली असली पाहिजे.

देवगाव फाट्यावरून सकाळच्या एस.टी.ने सेलूस, जिंतुरास किंवा परभणीस जाणाऱ्या मुलामुलींस विचारून पाहावे. रसायनशास्त्राचा तास बुडाला तर त्यांस हळहळ वाटते. मराठीचा बुडाला तर तेवढा वेळ बसस्थानकावर बरा जातो. "मराठी तर आम्ही घरी बोलतोच, तीत शिकावयाचे ते काय?" हा प्रश्न पालकांनीही आम्हांस अनेकदा केलेला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणास अनुसरून महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून जी नवी रचना लागू झाली, तीत भाषेच्या क्षमतावर्धनाचा अभ्यास कला शाखेपुरता राहिलेला नाही. विज्ञानाच्या आणि वाणिज्याच्या विद्यार्थ्यांसही तो आहे. म्हणजे तास टळत नाही. प्रश्न एवढाच उरतो की, त्याचे करावयाचे काय.

येथून जाताना मूल काय घेऊन जाते, ते प्रथम पाहू. शालान्त परीक्षेसाठी बाजारात निबंधांची जी पुस्तके मिळतात, त्यांतील दहाबारा निबंध मुखोद्गत करणे ह्यास पुष्कळ ठिकाणी निबंधलेखन म्हणतात. 'पावसाळ्यातील एक दिवस' ह्या विषयावर आमच्या भागातील मुलगा हिरवा शालू नेसलेली वसुंधरा लिहितो, नाचणारा मोर लिहितो, आणि प्रसंगी उसळणारा समुद्रही लिहितो. समुद्र त्याने पाहिलेला नसतो. जो पाऊस त्याने पाहिलेला असतो, म्हणजे मृगात हुलकावणी देणारा, सोयाबीन उगवून वर आल्यावर तीन आठवडे दडी मारून बसणारा, किंवा ऐन काढणीच्या वेळी येऊन शेंगांतील दाण्यांस कोंब फोडणारा, त्याचे एक अक्षरही त्या निबंधात नसते. अशा निबंधास गुण मिळतात, व मूल त्यावरून एक धडा शिकते: जे आपले आहे ते लिहावयाचे नसते, आणि जे लिहावयाचे असते ते आपले नसते. ह्याहून घातक धडा शाळेने दिलेला आमच्या पाहण्यात नाही.

मग पहिल्या वर्षी कोणी एखादा तळमळीचा प्राध्यापक वर्गात सांगतो, "तुमच्या घरी घडलेल्या एका घटनेविषयी दोन पाने लिहून आणा, पुस्तक उघडावयाचे नाही." आमची मुले येऊन आम्हांस सांगतात की, त्या दिवशी त्यांस भाषा कमी पडली. आमच्या मते भाषा कमी पडत नाही. लिहावयाजोगे आपल्यापाशी काही आहे, ही खात्री कमी पडते.

हे दुखणे खेड्याचेच आहे असेही कोणी समजू नये. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने १८७४ साली प्रवेशपरीक्षेत एक लहानसा इंग्रजी निबंध लिहिण्याची अट घातली. इंग्रजी हीच ज्यांची मातृभाषा, अशा सुखवस्तू घरांतील मुले परीक्षेस बसली होती, व त्यांतील पुष्कळांस धड चार परिच्छेद लिहिता आले नाहीत. अखेर १८८५ साली त्या विद्यापीठाने पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी लेखनाचा वर्ग आवश्यक केला, आणि पुढे अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांनी तो कित्ता गिरविला. तेथील बॅरेट वेंडेल नावाचे प्राध्यापक आपल्या विद्यार्थ्यांकडून रोजच्या रोज एक छोटा मजकूर लिहवून घेत. रोज लिहावयाचे म्हटले की पाठांतर पुरत नाही, डोळे उघडे ठेवून हिंडावे लागते; युक्ती साधी होती, पण तिच्यात मर्म होते.

तथापि दाखल्यासाठी इतके दूर जाण्याचे कारण नाही. अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगर येथे, १८४२ साली सुरू केलेल्या 'ज्ञानोदय' पत्रात १८५५ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत एक निबंध दोन भागांनी छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे. पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांच्या शाळेतील ही मांग समाजातील चौदा वर्षांची मुलगी. शिक्षण जेमतेम तीन वर्षांचे. निबंधाचा विषय मांगमहारांची दुःखे. तीत वसुंधरेचा शालू नाही. ज्यांस वेद ऐकण्याचाही अधिकार नाही त्यांचा धर्म तरी कोणता, असा तिचा रोकडा प्रश्न आहे. आपल्या बायका उघड्यावर बाळंत होतात व थंडीवाऱ्यात त्यांचे काय हाल होतात, ही पाहिलेली हकीकत आहे. पेशवाईत आपल्या लोकांनी काय भोगले, ह्याचा वडीलधाऱ्यांकडून ऐकलेला वृत्तान्त आहे. त्या काळी महाविद्यालयाचे दार तिच्यासाठी कोठून उघडे असणार? पण आज जो वर्ग आम्ही महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाकडे मागतो, तो तिला त्या लहानशा शाळेत मिळाला होता. कोणी तरी तिला सांगितले असले पाहिजे की, तुझे दुःख हा लिहिण्याचा विषय आहे. तेवढे सांगणारा गुरू ज्यास भेटला, त्याचे निम्मे शिक्षण झाले असे आम्ही मानतो.

आता आमच्या शाळेतून गेलेल्या एका विद्यार्थ्याची हकीकत. ती छापण्यास त्याची व त्याच्या घरच्या मंडळींची अनुमती घेतली आहे. नाव मात्र देत नाही. २०१५-१६ च्या दुष्काळात हा मुलगा लहान होता. त्या वर्षी त्याच्या वडिलांनी घरची बैलजोडी विकली. मुलाचा त्या बैलांवर फार जीव. पुढे पदवीच्या पहिल्या वर्षी घरातील घटना लिहावयास सांगितली, तेव्हा त्याने तीच घटना घेतली, आणि दोन पाने भरून वडील किती निर्दय होते हे लिहिले. त्याच्या प्राध्यापिकाबाईंनी शुद्धलेखनाच्या चुका तशाच राहू दिल्या व 'निर्दय' ह्या एका शब्दाखाली रेघ ओढून समासात लिहिले: "हे तुम्ही पाहिले, की तुम्हांस वाटले?" आणि खाली तीन प्रश्न दिले. त्या वर्षी कडब्याचा भाव काय होता? बैल विकावयाचे हे कोणी ठरविले? बाजारास कोण गेले, व कसे गेले?

मुलास राग आला. आठ दिवस त्याने वही उघडली नाही. नंतर एका शनिवारी घरी आला व वडिलांस विचारले. वडील "झालं ते झालं" म्हणून शेताकडे निघून गेले. रात्री चुलीपाशी आईने सांगितले की, विकण्याचा निर्णय वडिलांचा नव्हताच. तो तिचा होता. विहीर आटली होती, माणसांसाठी टँकरचे पाणी होते, कडबा मिळेल त्या भावाने घ्यावयास पैका नव्हता. शेजारच्या वस्तीवर दावणीलाच जनावर पडलेले तिने पाहिले होते. पायांवर उभी आहेत तोवर जाऊ द्या, असे तिनेच म्हटले, आणि वडील दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. टेंपो करण्याऐवजी त्यांनी रात्रीच्या गारव्यात बैल पायी नेले, वाटेत कोठे पाणी दिसले तर पाजता यावे म्हणून. घरात खुंटीवर जी घुंगुरमाळ आजही आहे, ती त्या जोडीची. व्यापारी मागत असता वडिलांनी ती दिली नाही. मुलगा ती माळ इतकी वर्षे पाहत आला होता. विचारले कधी नव्हते.

त्याने तो लेख तीन वेळा पुन्हा लिहिला. तिसऱ्या लेखात 'निर्दय' हा शब्द नाही, आणि त्याच्या जागी 'दयाळू', 'थोर' असा दुसरा कोणता शब्दही घातलेला नाही. भाव आहे, वाट आहे, माळ आहे, आईचे वाक्य आहे. वीसांपैकी अकरा गुण मिळाले, कारण ऱ्हस्वदीर्घाचा गोंधळ कायम होता, व ते गुण आमच्या मते योग्यच दिले. परंतु तो आम्हांस म्हणाला, "सर, पूर्वी मी घरी गेलो की आबांना उत्तरं देत होतो. आता प्रश्न विचारतो." व्यक्तिमत्त्वविकासाची जी शिबिरे आजकाल भरतात व ज्यांस पालक हजारो रुपये मोजतात, त्यांतून निघालेल्या कोणाच्या तोंडून असे वाक्य आम्ही ऐकलेले नाही.

आमच्या वाचकांपैकी जे शास्त्र वाचतात, त्यांस लूकाच्या शुभवर्तमानाचा आरंभ आठवेल. तो थियफिलास सांगतो की, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून मिळालेल्या गोष्टींचा मुळापासून शोध करून मग आपण त्या क्रमाने लिहीत आहो. आधी शोध, मग क्रम, मग लेखन. लेखनाच्या कोणत्याही वर्गास याहून वेगळे काय शिकवावयाचे असते?

आणि पुनर्लेखनाविषयी एक शब्द, कारण आमच्या मुलांस त्याचा कंटाळा फार. 'एकदा लिहिले, झाले' ही वृत्ती. यिर्मया संदेष्ट्याने सांगितलेली वचने बारूखाने गुंडाळीवर उतरून घेतली. ती राजा यहोयाकीम ह्याच्यापुढे वाचली जात असता राजाने चाकूने तिचे तुकडे कापून शेगडीत टाकले. हिवाळ्याचे दिवस होते, शेगडी पेटलेलीच होती. यिर्मया आणि बारूख पुन्हा बसले व सर्व मजकूर नव्याने लिहिला. शिवाय त्यात पुष्कळ भर पडली, असे शास्त्रात नमूद आहे. प्राध्यापकाने लाल शाईने लेख परत केला म्हणून खट्टू होणाऱ्या विद्यार्थ्याने हा अध्याय काढून वाचावा. त्याच्या वहीस निदान कोणी शेगडी दाखविलेली नसते.

बोलीचा प्रश्न ह्याच ओघात येतो. आमच्याकडे मूल 'काय करायलास?' असे विचारते; पुस्तकात 'काय करीत आहेस?' असते. महाविद्यालयात शहरातील मुले हसतात, आणि आमचे मूल तोंड मिटते. एकदा तोंड मिटले की लेखणीही मिटते. आमचे म्हणणे असे की, अर्ज, अहवाल, परीक्षेतील उत्तर ही प्रमाण भाषेतच लिहिली पाहिजेत, आणि त्यात आळस खपवून घेऊ नये. पण तिफण, वखर, कासरा, गव्हाण, पेंडी, सालदार ह्या शब्दांस दुसरा पर्याय शोधण्याचे कारण नाही, व माणसाच्या तोंडचे वाक्य जसे उच्चारले तसेच उतरावे. लक्ष्मीबाई टिळकांस लहानपणी शाळा मिळाली नाही; लग्न झाल्यावर पतीच्या हाताखाली त्या अक्षरे शिकल्या. १९३४ पासून त्यांची 'स्मृतिचित्रे' भागाभागांनी प्रसिद्ध झाली, आणि मराठीतील उत्तम आत्मचरित्रांत त्यांची गणना होते, ती घरात बोलावे तसे लिहिल्यामुळे. आपल्याच जिल्ह्यातील गंगाखेडच्या जनाबाईने दळणकांडण, शेणी वेचणे, पाणी भरणे ही कामे अभंगांत आणली. आमच्या धर्मभिन्नतेमुळे तिच्याविषयीचा आमचा आदर कमी होत नाही. सातशे वर्षांपूर्वी जात्यावर बसलेल्या बाईस जे कळले, ते विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यास अवघड वाटू नये.

ह्या तासाचे मोल आमच्या पूर्वजांस विचारावे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता. १९१८ साली हैदराबाद येथे स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. देशी भाषेत उच्च शिक्षण देण्याचा तो उपक्रम स्वतःपुरता मोठा होता, हे आम्ही अमान्य करीत नाही. परंतु ती देशी भाषा आमच्या घरची नव्हती. पुढे १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे, जे महाविद्यालय काढले व ज्यास मिलिंद हे नाव मिळाले, तेथे मराठवाड्याच्या खेड्यांतून अशी मुले आली की, ज्यांच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी कोणी चढलेले नव्हते. त्या मुलांस म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे ह्यांच्यासारखे शिक्षक लाभले, ज्यांनी त्यांच्या जगण्यास लेखनाचा दर्जा दिला. दलित साहित्याच्या चळवळीचे एक उगमस्थान ते महाविद्यालय झाले, आणि पानतावण्यांचे 'अस्मितादर्श' हे नियतकालिक त्याच वातावरणातून निघाले. मुक्तेच्या निबंधानंतर शंभर वर्षांनी तिच्या प्रश्नांस जणू वर्गबंधू भेटले.

ह्यावर कोणी म्हणेल की, परभणीचे बी. रघुनाथ महाविद्यालयात कोठे गेले होते? खरे आहे. १९१३ साली जन्मलेल्या ह्या कवी-कादंबरीकारास परिस्थितीमुळे मॅट्रिकच्या पुढे शिकता आले नाही; सरकारी कचेरीत कारकुनी करीत त्यांनी लिहिले व १९५३ साली, चाळिशीतच, ते निवर्तले. प्रतिभावंतास वर्गाची गरज नसते. पण आम्ही हा लेख प्रतिभावंतांसाठी लिहीत नाही. ज्या मुलास पुढे तलाठी, परिचारिका, शिक्षक, दुकानदार किंवा चांगला शेतकरी व्हावयाचे आहे, आणि ज्यास लेखक होण्याची मुळीच इच्छा नाही, त्याच्यासाठी लिहीत आहो. त्यालाच वाटते आणि पाहिले ह्यांतील भेद शिकण्याची अधिक गरज आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. महाविद्यालयांतून प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या राहतात, तासिका तत्त्वावर नेमलेला शिक्षक चार ठिकाणी धावतो. शेकडो वह्या तो वाचणार कधी? हे अगदी खरे, आणि सरकारने व संस्थाचालकांनी ह्याचा विचार करावा, असे आम्ही स्पष्ट म्हणतो. पण तोवर विद्यार्थ्यांनी हात जोडून बसावे असे नाही. दोघा मित्रांनी एकमेकांचे लेख वाचून समासात 'हे कोठे पाहिले?' एवढा प्रश्न लिहिला, तरी बरेच काम होते.

राहिला मोबाईल. विषय सांगताच पाच पाने बिनचूक मराठीत लिहून देणारी यंत्रे आता मुलांच्या खिशात आहेत, आणि ऱ्हस्वदीर्घाच्या बाबतीत ती आमच्या त्या विद्यार्थ्याहून सरस आहेत, हे मान्य केले पाहिजे. यंत्रविद्येशी आमचे वैर नाही; आमची प्रयोगशाळा व हे वार्षिक दोन्ही यंत्रांवरच चालतात. पण बैलांविषयीची पाने यंत्राने लिहून दिली असती, तर शनिवारी घरी येऊन आईस विचारण्याचे कारण उरले नसते. पाने मिळाली असती, वीसांपैकी कदाचित सतराही गुण मिळाले असते, आणि वडील निर्दयच राहिले असते. कोणता व्यवहार फायद्याचा, हे पालकांनी हिशेब करून ठरवावे.

पालकांस आमची विनंती अशी. येत्या जूनपासून नववी व दहावीच्या वर्गांत दर शनिवारी एक पान लिहावयाचे आहे. विषय गावातला, घरातला किंवा शेतातला असेल. शंभर पानांची साधी वही पुरे. निबंधांचे पुस्तक विकत आणू नये. मूल चुलीपाशी, गोठ्यात किंवा दुकानात येऊन काही विचारू लागले, तर 'अभ्यास कर' म्हणून त्यास हाकलू नये. त्या घटकेस तोच अभ्यास आहे. आठवत नसेल तर आठवत नाही असे सांगावे, आजीस विचारावयास पाठवावे. वहीत आपल्याविषयी काही न आवडणारे आढळले तर रागावण्यापूर्वी आम्हांस भेटावे. वह्या सोमवारी गोळा होतील व गुरुवारी परत मिळतील. गुण दिले जाणार नाहीत.